'किती देते?' : पेट्रोल, डिझेल आणि मुकुटबनचा रस्ता

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न रंगाचा नसतो आणि सुरक्षेचा तर नसतोच. 'किती देते?' हा असतो. त्याचे उत्तर 'ॲव्हरेज' या शब्दात मिळते. ॲव्हरेज म्हणजे खरे तर सरासरी. पण हा शब्द तोंडी असलेल्या बहुतेकांनी ती सरासरी कधी काढलेलीच नसते. एकदा नागपूरहून रात्री मोकळ्या रस्त्याने येताना गाडीच्या पडद्यावर जो आकडा चमकला, तोच पुढे पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात आणि ओळखीच्या माणसाने सल्ला विचारला की सांगितला जातो.

मुकुटबनसारख्या गावात हा प्रश्न जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. वणी तीस किलोमीटरच्या आसपास, जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभराच्या पुढे, नागपूर त्याहून लांब. मोठी तपासणी असो, मुलीचे कॉलेज असो की लग्नाचा बस्ता, गावाबाहेर पडल्याशिवाय भागत नाही. रस्त्यावर कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक. कापूस-सोयाबीनवर जगणारे कुटुंब बारा लाखांची गाडी घेते, तेव्हा ते कित्येक हंगामांची शिल्लक त्यात घालते. निर्णय चुकला तर तो दहा वर्षे भोगावा लागतो.

आरोग्याच्या सदरात गाडी कुठून आली, असे वाटेल. दोन कारणे आहेत. पेट्रोल आणि डिझेल यांची तुलना करताना लोक ज्या चुका करतात, त्याच चुका दोन औषधांची तुलना करतानाही होतात आणि त्या ओळखायला आम्हा डॉक्टरांना शिकवलेले असते. दुसरे कारण म्हणजे इंजिनात जे जळते त्याचा काही भाग शेवटी आपल्या छातीत येतो.

दोन औषधे, दोन वेगळे रुग्ण

समजा, गावातले दोघे शेजारी आहेत. एकाची डिझेल गाडी, तो सांगतो 'वीस देते'. दुसऱ्याची तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी, तो म्हणतो 'तेरा'. दोघेही खरे बोलत आहेत. ऐकणारा मनात हिशेब करतो की डिझेल दीडपट चांगले. इथेच गडबड होते.

डिझेल गाडी मुळात घेतो कोण? ज्याचे फिरणे जास्त, ज्याला आठवड्यातून दोनदा नागपूर किंवा आदिलाबाद गाठायचे असते तो. त्याची गाडी तासन्‌तास एका लयीत धावते, इंजिन गरम असते, गिअर वरचा असतो. पेट्रोल गाडी घेणारा सकाळी मुलांना शाळेत सोडतो, बाजारात जातो, दवाखान्यात जातो, पुन्हा घरी येतो. प्रत्येक फेरी दोन-चार किलोमीटरची, इंजिन थंड, पहिला-दुसरा गिअर. म्हणजे आपण दोन इंजिनांची तुलना करतच नाही, दोन आयुष्यांची करतो.

एक औषध तरुण, हलक्या आजाराच्या रुग्णांना दिले आणि दुसरे अतिदक्षता विभागातल्या वृद्धांना, आणि मग कोणत्या औषधाने जास्त रुग्ण बरे झाले हे मोजले, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. म्हणूनच औषधांच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटतात. गाड्यांच्या बाबतीत असे कोणी करत नाही. त्यामुळे मालकांनी सांगितलेल्या आकड्यांत डिझेलचा फायदा आहे त्याहून मोठा दिसतो. फायदा नाही असे नव्हे. आहे, आणि चांगला आहे. फक्त तो किती आणि कुणाला, हे वेगळे पाहावे लागते.

त्यासाठी एकच गाडी दोन इंजिनांत बघावी. ह्युंदाईची क्रेटा घ्या. २०२४ च्या आवृत्तीत दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचा गिअर, प्रमाणित आकडा लिटरला १७.४ किलोमीटर. त्याच गाडीत दीड लिटरचे डिझेल इंजिन, तसाच गिअर, आकडा २१.८. फरक पंचवीस टक्के. शेजाऱ्यांच्या गप्पांतून निघालेला फरक पन्नास टक्क्यांच्या पुढचा होता, हे लक्षात ठेवा.

या पंचवीस टक्क्यांतही एक गंमत आहे. लिटर हे आकारमानाचे माप आहे, ताकदीचे नव्हे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या किंचित खाली, तर डिझेलचे सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये ३६ च्या आसपास. गाईचे एक लिटर दूध आणि म्हशीचे एक लिटर दूध यांत जसा फरक, तसाच हा. म्हशीचे दूध पिऊन कुणाला जास्त ताकद आली, तर त्याची पचनशक्ती चांगली असे आपण म्हणत नाही. दूधच दाट होते. डिझेलच्या पंचवीस टक्क्यांतले सुमारे बारा टक्के असे दाटपणाचे आहेत. दाट इंधनात कार्बनही जास्त असतो. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेल जळून २.६५ किलोच्या आसपास. वरच्या दोन आकड्यांना भागून पाहिले तर किलोमीटरमागे पेट्रोलचा कार्बन १३२ ग्रॅम आणि डिझेलचा १२२ ग्रॅम भरतो. म्हणजे हवामानाच्या हिशेबात पंचवीस टक्क्यांचा फायदा आठ टक्क्यांवर येतो.

उरलेला फायदा मात्र इंजिनाचा स्वतःचा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबले जाते, डिझेलमध्ये पंधरा-सोळा पट किंवा त्याहून अधिक. जितके जास्त दाबाल तितके एका थेंबातून जास्त काम निघते. दुसरी गोष्ट श्वासाची. साध्या पेट्रोल इंजिनाला हळू चालताना हवेची वाट आवळून धरावी लागते, कारण हवा आणि पेट्रोलचे प्रमाण ठरलेले असते. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळली की नुसता श्वास ओढण्यातच त्याची शक्ती जाते, तसे या इंजिनाचे होते. डिझेल इंजिन मोकळा श्वास घेते आणि फक्त इंधन कमी-जास्त करते.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. अनेकांना वाटते डिझेल फक्त हायवेला परवडते. इंधनापुरते बोलायचे तर डिझेलचा तुलनेने सर्वात मोठा फायदा संथ, अडखळत्या वाहतुकीत असतो, कारण तिथे पेट्रोल इंजिनाचा श्वास सर्वात जास्त कोंडतो. पुण्याच्या कोंडीत रोज तासभर अडकणारी डिझेल गाडी खरोखर बरेच इंधन वाचवते. पण पुण्याची तासाभराची कोंडी वेगळी आणि मुकुटबनच्या बसस्थानकापासून घरापर्यंतची चार मिनिटांची फेरी वेगळी. त्या छोट्या फेरीचे डिझेलशी का जमत नाही, हे पुढे येते.

पुण्यातली ट्रेडमिल

जाहिरातीतला आकडा कुठून येतो? पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. नव्या मॉडेलची चाचणी करणारी ही देशातली एक प्रमुख संस्था. तिचे नाव इतके रुळले की कोणत्याही प्रमाणित आकड्याला लोक 'एआरएआय मायलेज' म्हणतात.

हृदयाची ट्रेडमिल टेस्ट ज्यांनी केली आहे त्यांना ही चाचणी लगेच कळेल. गाडी जागेवरच असते, तिची चाके मोठ्या रुळांवर फिरतात आणि रुळांना मुद्दाम तेवढा विरोध दिलेला असतो. चालक पडद्यावरच्या रेषेप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो. हा सगळा कार्यक्रम ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा किंचित कमी. गाडी पावणेअकरा किलोमीटरच्या आत 'धावते'. कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी ताशी ३२ च्या आसपास. एसी बंद. खोलीचे तापमान २० ते ३० अंश. टाकीतून किती गेले हे मोजतच नाहीत. नळीतून बाहेर आलेल्या धुरातला कार्बन मोजून इंधन किती जळले ते काढतात. आम्ही रुग्णाच्या उच्छ्वासावरून त्याच्या शरीराने किती उष्मांक जाळले ते काढतो, त्याच जातीची ही युक्ती.

चाचणी खोटी नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर द्यायचा तर तो असाच हवा. पण ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली म्हणून मे महिन्याच्या उन्हात कापसाचे गाठोडे उचलताना काही होणारच नाही, असे मी रुग्णाला सांगत नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४ च्या घरात असतो, एसी बंद ठेवून कोण जातो? गाडीत पाच माणसे, मागे सामान, पुढे ट्रक, मध्ये गतिरोधक. म्हणून कागदावरचा आकडा रस्त्यावर येत नाही आणि त्यात कंपनीने फसवले असे नसते.

तफावत किती असते, याचा मोठा पुरावा युरोपातून आला. तिथे नव्या गाड्यांत प्रत्यक्ष जळालेले इंधन नोंदवणारे यंत्र सक्तीचे झाले आणि त्या नोंदींचा अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये दिला. लाखो गाड्यांच्या नोंदींत पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खप कागदापेक्षा जवळपास २४ टक्के जास्त निघाला, डिझेलचा १८ टक्के. मालकाचा अंदाज नव्हे, यंत्राची नोंद. शिवाय तिथली चाचणी आपल्यापेक्षा कठीण आहे. तिच्यात वेग ताशी १३० पर्यंत जातो. म्हणजे आपल्याकडे तफावत याहून मोठी धरणे शहाणपणाचे. क्रेटाचे १७.४ रस्त्यावर तेरा-चौदा आणि २१.८ चे सतरा-अठरा झाले तर त्यात नवल नाही आणि गाडीत दोषही नाही.

तरी या सगळ्यांवर मात करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चालकाचा उजवा पाय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार झटक्यात वेग वाढवणे आणि झटक्यात ब्रेक मारणे यामुळे हायवेवर १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के इंधन वाया जाऊ शकते. पेट्रोल आणि डिझेल इंजिनांमधला फरक पंचवीस टक्के होता. म्हणजे शांत चालवणाऱ्या वडिलांची पेट्रोल गाडी आणि ट्रकला ओव्हरटेक करण्यात पुरुषार्थ मानणाऱ्या मुलाची डिझेल गाडी यांचे ॲव्हरेज सारखेही येऊ शकते.

अलीकडे पेट्रोलवाल्यांची आणखी एक तक्रार आहे: 'गाडी पहिल्यासारखी देत नाही.' यात तथ्य आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटेल. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत ही घट एक-दोन टक्के. थोडक्यात, जुन्या गाडीत लिटरला सुमारे एक किलोमीटर गेला. डिझेलला हा प्रकार नाही, म्हणून काही न करताही डिझेल थोडे अधिक चांगले दिसू लागले आहे.

वहीतला हिशेब

स्वतःची गाडी किती देते हे काढायला मेकॅनिक लागत नाही. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. असे एकदा करून थांबू नका. रक्तदाब एकदा मोजून आम्ही आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही. चार-पाच टाक्यांचे सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर एकत्र करून भागा. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बहुधा काही टक्के खुशामतीचा असतो.

एकत्र करूनच का? समजा, जाताना गाडी लिटरला १२ देते आणि त्याच रस्त्याने येताना २०. बहुतेक जण सरासरी १६ सांगतील. साठ किलोमीटर जायला पाच लिटर लागले, साठ यायला तीन. एकूण १२० किलोमीटर, आठ लिटर. सरासरी १५. आकडा लहान असला तरी दहा वर्षांच्या हिशेबात तो जाणवतो.

'लिटरला किती किलोमीटर' हे मापच थोडे फसवे आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवून दिले. घरात एक जुनी जीप आहे, १० देणारी, आणि एक लहान कार, २० देणारी. दोन्ही सारख्या फिरतात. जीपच्या जागी १२ देणारी घ्यावी की कारच्या जागी २४ देणारी? चारची वाढ डोळ्यात भरते. पण शंभर किलोमीटरला जीप बदलल्यास १० ऐवजी ८.३ लिटर लागतात, १.७ लिटर वाचतात. कार बदलल्यास ५ ऐवजी ४.२, म्हणजे फक्त ०.८. जास्त पिणारी गाडी आधी बदलावी.

आता रुपये. समजायला सोपे म्हणून पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. रस्त्यावरचे ॲव्हरेज १३ आणि १७. पेट्रोलचा किलोमीटरला खर्च आठ रुपये आठ पैसे, डिझेलचा पाच रुपये एकेचाळीस पैसे. बचत दोन रुपये सदुसष्ट पैसे. हा आकडा ऐकून माणूस डिझेलकडे वळतोच. पण डिझेल गाडी मुळात दीड लाखाच्या आसपास महाग असते आणि महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलसाठी १२ टक्के, डिझेलसाठी १४. सगळे मिळून पावणेदोन लाख धरले तर ते फिटायला साडेपासष्ट हजार किलोमीटर धावावे लागते. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हे पैसे अडीच-पावणेतीन वर्षांत परत मिळतात. वर्षाला सहा हजार फिरणाऱ्याला अकरा वर्षे लागतात. डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च यात धरलेलाच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी हे गणित वेगळे होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले तेव्हा डिझेल ४१ च्या आत होते, कारण डिझेलच्या किमतीवर सरकारचा हात होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो निघाला. त्या काळात काकांनी दिलेला 'डिझेलच घे' हा सल्ला तेव्हा बरोबर होता. सल्ला तसाच राहिला आणि किमती बदलल्या. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच बंद केले. (डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते, असाही समज गावात आहे. तो नियम दिल्ली आणि तिच्या परिसरापुरता आहे, यवतमाळला लागू नाही.)

बळ तेच दुखणे

आता छातीकडे येऊ. डिझेल इंजिन काटकसरी का, तर ते खूप दाब देते, ज्वलन अतिशय गरम असते आणि हवा भरपूर असते. हवेत नायट्रोजन असतोच. भरपूर ऑक्सिजन आणि प्रचंड उष्णता मिळाली की त्याचे नायट्रोजन ऑक्साइड बनतात. शिवाय फवारलेल्या प्रत्येक थेंबाच्या मध्यभागी हवा नीट पोचत नाही, तिथे काजळी तयार होते. म्हणजे इंधन वाचवणाऱ्या गुणातूनच हे दोन विषारी पदार्थ येतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतो. दम्याच्या मुलांना तो लगेच जाणवतो. काजळीचे बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा कितीतरी लहान असतात. ते नाकात-घशात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथून रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात. प्रदूषणाने हृदयविकाराचा झटका कसा येतो, असे विचारतात. हा त्याचा एक मार्ग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १२ जून २०१२ रोजी डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. पेट्रोलचा धूर 'कदाचित' या खालच्या गटात राहिला. त्या निर्णयामागे अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक खाणकामगारांचा अभ्यास होता. मीठ, पोटॅश यांच्यासोबत त्यात चुनखडीची खाणही होती. बंदिस्त भूगर्भात जुन्या इंजिनांचा धूर वर्षानुवर्षे घेतलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. घरासमोरच्या नव्या डिझेल कारने उद्या कर्करोग होईल, असा त्याचा अर्थ नाही. पण चुनखडी आणि कोळशाच्या पट्ट्यात, दिवसभर जुन्या ट्रकांच्या मागे दुचाकी चालवणाऱ्यांनी आणि रस्त्याकडेला हॉटेल मांडून बसलेल्यांनी तो कानामागे टाकण्यासारखाही नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि चित्र खूप बदलले. आधीच्या टप्प्यात डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती साडेचार झाली. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आले; पेट्रोलला ही मर्यादा ६० आहे. म्हणजे नवी डिझेल कार आणि पंधरा वर्षांची काळी-पिवळी जीप यांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे. काळी-पिवळीच्या बाजूनेही एक सांगायला हवे. दहा माणसे घेऊन ती लिटरला बारा देत असेल, तर एका माणसाच्या हिशेबाने ती एकट्याने चालवलेल्या कोणत्याही कारपेक्षा काटकसरी आहे. भरलेली एसटी तर तिच्याही पुढे.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबण्याचा धडा सप्टेंबर २०१५ मध्ये साऱ्या जगाला मिळाला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत अशी प्रणाली होती, की गाडी चाचणीत आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. खोलीतली परीक्षा पुरेशी नाही, हे त्यातून पटले. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलचा धूर यंत्र गाडीवर लावून प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासला जातो. ही तपासणी धुराची आहे, ॲव्हरेजची नाही. ॲव्हरेज अजून ट्रेडमिलवरचेच.

चार मिनिटांची फेरी

नव्या डिझेल गाडीची काजळी साडेचार मिलिग्रॅमच्या आत राहते ती सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या फिल्टरमुळे. लोक त्याला डीपीएफ म्हणतात. तो काजळी अडवतो आणि भरत आला की स्वतःच ती जाळून टाकतो. त्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंशांवर न्यावे लागते. इंजिन थोडे जादा डिझेल पाठवून ती उष्णता तयार करते आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे एका वेगात धावली की काम पूर्ण होते.

घर, शाळा, बाजार, घर एवढेच फिरणाऱ्या गाडीला ती वीस मिनिटे कधी मिळतच नाहीत. डिझेल इंजिन काटकसरी असल्यामुळे तापतेही सावकाश. सफाई सुरू होते, तेवढ्यात घर येते आणि किल्ली फिरते. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक अर्धवट सफाईत जादा डिझेल खर्च होते, त्यातले काही न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. ज्या फायद्यासाठी डिझेल घेतले तो इथे झिजतो. शेवटी फिल्टर बुजतो आणि त्याचे बिल काही हजारांचे नसते.

अशा वेळी काही गॅरेजमध्ये 'फिल्टर काढून टाकू, गाडी मोकळी होईल, ॲव्हरेजही वाढेल' असा सल्ला मिळतो. ॲव्हरेज किंचित वाढेलही, कारण अडथळा गेलेला असतो आणि सफाईचे डिझेल वाचते. पण मग नवी गाडी पुन्हा जुन्या जीपच्या जातीची होते आणि तिचा धूर पहिल्यांदा मिळतो तो आपल्याच अंगणात, गाडी सुरू करून उभी असताना दारात आलेल्या नातवाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मूळ बदल करता येत नाही. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पीयूसी मिळाली म्हणजे झाले, असे समजू नका. ती तपासणी उभ्या गाडीच्या धुराचा दाटपणा पाहते, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही.

म्हणून मला विचाराल तर वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत आणि तेही बहुतेक गावात फिरणाऱ्या घराने पेट्रोल घ्यावे. आठवड्यातून दोन-तीनदा नागपूर-यवतमाळ करणाऱ्याने डिझेल घ्यायला हरकत नाही; त्याच्या फिल्टरला वेळ मिळतो आणि खिशालाही.

घरात डिझेल गाडी आधीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिला वणीपर्यंत न्या आणि वाटेत किमान वीस मिनिटे सत्तरच्या आसपास एका लयीत चालवा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, पण इंजिनाचे फेरे फार खाली जाऊ न देता. फिल्टरचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तो लागल्यावर गाडी बंद न करता असेच मोकळ्या रस्त्याला घ्या, बहुतेक वेळा तो विझतो. लुकलुकू लागला, किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला, किंवा गाडीने जोर धरणे सोडले, तर सर्व्हिस सेंटर गाठा. ऑइलची दांडी महिन्यातून एकदा काढून पाहा. ऑइल कमी झाल्याचे सगळे बघतात. डिझेल गाडीत ते वरच्या खुणेच्या पुढे चढले असेल, तर त्यात डिझेल उतरले असण्याची शक्यता असते आणि ते बदलून घ्यावे लागते.